फियाटचा स्वभाव

अभिनंदन मगदूमवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. मुलगा तसा वाईट नव्हता. पण जो मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मालकिणीच्या मनगटाला पट्टा बांधतो, त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेनंच बघावं, एवढं शहाणपण एक्क्याऐंशी वर्षांत मला आलेलं आहे.

त्याच्या आजोबांना मी ओळखत होते. कोल्हापुरात, उद्यमनगरात, याच जागेवर त्यांचं गॅरेज होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि "दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह बोलतोय" असं सांगायचं, ही त्यांची रीत. नातवाच्या गॅरेजातली फरशी इतकी स्वच्छ, की चपला बाहेर काढाव्यात का असा प्रश्न पडावा. भिंतींवर पडदे, पडद्यांवर पळणाऱ्या रेषा. तेलाचा वास कुठेच नाही.

गाडी म्हणजे आमची करडी फियाट, चौऱ्याहत्तर सालची. ह्यांनी ती नव्वद साली तिसऱ्या हातानं घेतली. हे एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपचे, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या खात्याचे, सुपरवायझर. आमच्या गल्लीत तेव्हा चारचाकी एकच होती, ती डॉक्टरांची; आमची दुसरी. रविवारी आम्ही पन्हाळ्याला जायचो, कधी नरसोबाच्या वाडीला. परत येताना बसुंदी घ्यायची. हे जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि इंजिन जाम होऊन अकरा, तरी दर शनिवारी मी शेडमध्ये जाऊन गाडी पुसत असे. माझा संसार चांगला झाला, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याजवळ ती गाडी होती.

आता दोन हजार चव्वेचाळीसच्या मार्चअखेर पेट्रोलच्या सगळ्या गाड्यांची नोंदणी संपणार होती. चालती असो वा बंद, एकतीस तारखेनंतर ती भंगारात द्यायची. वाचवायचा मार्ग एकच होता: गाडी विजेवर करून घ्यायची आणि तिच्यासाठी स्वभाव-दाखला मिळवायचा.

हा दाखला काय ते सांगते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौशी लोकांनी जुन्या गाड्यांत बॅटऱ्या बसवायला सुरुवात केली. वरून कुणी अँबेसेडर, कुणी हेराल्ड, कुणी जीप. आत बसलं की सगळ्या सारख्याच मुक्या. मग जुन्या गाड्यांच्या मंडळांनी ओरड केली आणि सरकारनं नियम काढला. जुना सांगाडा आणि जुना नंबर ठेवायचा असेल, तर गाडीचा मूळ स्वभावही ठेवला पाहिजे. तिची थरथर, तिचा आवाज, गिअर टाकताना हाताला लागणारा अडखळा. आणि तो खरा आहे हे, सन दोन हजारच्या आधी त्या गाडीतून फिरलेल्या घरातल्या दोन माणसांनी सही करून सांगायचं.

"मोटर बसवणं सोपं असतंय ओ काकू," अभिनंदन म्हणाला. "सीटखाली थरथरणाऱ्या चकत्या बसवतो. दारात स्पीकर. गिअरची दांडी तीच, तिच्या मुळाशी छोट्या मोटरी, त्या तुमच्या हाताला अडवतात. पण नेमकी कुठली थरथर? वीस वर्षं चालली की दोन फियाट सारख्या राहत नाहीत. जुळ्या भावांसारखं होतं, लग्नं झाल्यावर."

"तुझं झालंय का?"

"व्हायचंय."

"मग तुला काय ठाऊक."

तो हसला आणि त्यानं पट्टे बांधले. एक मनगटाला, एक मानेला. पुढचं त्यानं समजावून सांगितलं ते मला नीट कळलं, म्हणून लिहिते. थोडा स्वभाव झिजलेल्या लोखंडावरून वाचता येतो: पेडलचं रबर कुठे घासलंय, दांडी कुठल्या बाजूला वाकलीय. उरलेला माणसाच्या अंगात असतो. तोंड विसरतं, अंग विसरत नाही. चष्म्याचे डॉक्टर काचा बदलत विचारतात ना, हे बरं की ते बरं, तसं हे यंत्र एकच आवाज पन्नास तऱ्हांनी ऐकवतं. मात्र उत्तर तोंडाला विचारत नाही. ओळखीचं काही आलं की नाडी चुकते, कातडीला किंचित घाम येतो, मानेचे बारीक स्नायू आवळतात. आपल्याला कळायच्या आत, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात. यंत्र त्या दिशेनं आणखी एक पाऊल टाकतं. असं करत करत ते गाडीपाशी पोचतं.

"तुम्ही कुठं बसायचा?" त्यानं विचारलं.

"मागं. ह्यांच्या पाठीमागं." सासूबाईंचा डावा गुडघा वाकत नसे. त्या दाराला पाठ लावून आडव्या बसत आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर असे. पहिली आठ-नऊ वर्षं मी गाडीत दुसरीकडे कुठे बसलेच नाही.

मी माझ्या जागेवर बसले. सीट हलायला लागली. आवाज येऊ लागले, जाऊ लागले.

मला वाटत होतं, ह्याच्याकडे कुठलीतरी तयार फियाट असणार आणि तीच हा सगळ्यांच्या गळ्यात मारत असणार. म्हणून मी त्याला फसवायचं ठरवलं. हॉर्नची वेळ आली तेव्हा एक भलताच पिपाणीसारखा आवाज आला. मी म्हटलं, "हाच. अगदी हाच."

अभिनंदननं पडद्याकडे पाहिलं. "काकू, तुमचं तोंड हो म्हणतंय. मनगट नाही म्हणतंय."

नंतर खरा हॉर्न आला, घसा बसलेल्या माणसासारखा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी माझा संशय निम्मा उतरला.

चार बैठका झाल्या. प्रत्येक वेळी गाडी आणखी आमची होत गेली. घाट चढताना तिला दम लागायचा तो लागला. तिसऱ्या गिअरला एक ओढल्यासारखा आवाज होता, तोही सापडला. चौथ्या बैठकीत मी म्हटलं, "अजून एक राहिलंय. सकाळी चालू करताना ती मधेच बंद पडायची. बंद पडली की टक असा आवाज यायचा. मग हे परत किल्ली फिरवायचे."

"स्टार्टरचा असेल."

त्यानं स्टार्टरचे आवाज ऐकवले. कुठलाच नाही. मग डॅशबोर्डचे, दाराच्या कडीचे, पत्र्याचे. यंत्र हळूहळू शोधत गेलं. शेवटी एक आवाज आला, पातळ, कोरडा. टक.

"हाच," मी म्हटलं, आणि या वेळी खोटं बोलत नव्हते.

अभिनंदन बराच वेळ पडद्यासमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं अंग एवढं कशालाच बोललं नव्हतं. हॉर्नला नाही, कशाला नाही." त्यानं पडदा माझ्यापासून थोडा वळवला. "आवाजाची जागा पण दाखवतंय ते. पुढची डावी सीट. गुडघ्याएवढ्या उंचीवर." मग सहज विचारल्यासारखं, "तिथं कोण बसायचं, काकू?"

"माझी मुलगी. का?"

"असंच."

असंच म्हणणारा माणूस असंच कधी म्हणत नसतो. माझा उतरलेला संशय पुन्हा चढला. यंत्रात काहीतरी बिघडलंय आणि हा ते लपवतोय, असं माझं मत झालं. "जुनी गाडी. असेल एखादा सैल पत्रा," मी म्हटलं. "तू घाल तो आवाज. त्याच्याशिवाय ती आमची गाडी नाही."

त्यानं घातला.

दुसरी सही केतकीची लागणार होती. घरातलं तेवढंच माणूस उरलंय. ती नागपूरला असते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, आता निवृत्त झाली. दहावीनंतर ती सांगलीच्या वसतिगृहात गेली आणि पुढे सुट्टीत आली तरी एस. टी. स्टँडवरून घरी रिक्षानं येई. हे घ्यायला जातो म्हणत, ती नको म्हणे. वडिलांचा त्रास वाचवते, असं मी शेजारणींना सांगत असे.

फोनवर ती म्हणाली, "सही करते. कागद पाठव."

"आत बसावं लागतं. वीस मिनिटं."

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"केतकी?"

"आई, तुला ती गाडी कशाला हवीय? तुला चालवता येत नाही."

"तुझ्या बाबांची आठवण आहे ती."

"हो. आहेच," ती म्हणाली. तिच्या आवाजातलं काहीतरी मला आवडलं नाही. जागा विकायची असेल, शेड पाडायची असेल, असे विचार माझ्या मनात येऊन गेले. लिहायला लाज वाटते, पण आले.

सत्तावीस मार्चला ती सकाळच्या रेल्वेनं आली. संध्याकाळचं परतीचं तिकीट काढूनच आली होती. एकोणसाठ वर्षांची माझी मुलगी. केस पांढरे, चालताना पर्स छातीशी धरते. आम्ही तशाच उद्यमनगरात गेलो. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"रंग बरोबर आहे," ती अभिनंदनला म्हणाली.

"ताई, तुम्ही पुढं डावीकडं बसायचा ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यानं तिच्या मनगटाला आणि मानेला पट्टे बांधले. मी माझ्या जागेवर, मागे, माझेही पट्टे बांधून. तो ह्यांच्या जागेवर बसला.

"सकाळची चालू करतोय," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.

गाडी घरघरली, इंजिनानं धरलं, सीट थरथरली. मी मागून केतकीकडे पाहत होते. पुढची सीट उंच पाठीची, अख्खी; मागून तेव्हाही मला फक्त तिच्या वेण्यांच्या रिबिनी दिसत. आता पांढरे केस दिसत होते. तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि डॅशबोर्डखालची चोकची मूठ तिनं ओढून धरली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

इंजिन एकदोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

टक.

केतकीनं हात असा मागे घेतला, की कोपर दारावर आपटलं. हात तिनं दोन्ही मांड्यांच्या मध्ये दडवला आणि पुढे वाकली. एकोणसाठ वर्षांची बाई.

अभिनंदननं सगळं बंद केलं. गॅरेजात पंख्याचा तेवढा आवाज.

थोड्या वेळानं केतकी सरळ बसली. अगदी शांत आवाजात, वर्गात विचारावं तसं तिनं विचारलं, "हा आवाज तुम्ही कुठून आणलात?"

"काकूंनी सांगितला, ताई."

"आईनं?" ती वळली नाही. "काय म्हणून सांगितला?"

"गाडीचा म्हणून."

ती हसली. "मगदूम, हा गाडीचा नाहीये. बाबांच्या खिशात बारा इंची स्टीलची पट्टी असायची. पॅटर्न मोजायची. ह्या गाडीचा चोक झिजलेला होता, ओढून ठेवला तरी राहत नसे. इंजिन तापेपर्यंत कुणीतरी धरून बसावं लागे. ते माझं काम. माझी बोटं लहान होती, थंडीत सुटायची. सुटली की इंजिन बंद. इंजिन बंद पडलं की पट्टी." तिनं उजव्या हाताची पेरं डाव्या हातानं झाकली. "सातव्या वर्षापासून दहावीपर्यंत. ते ओरडायचे नाहीत हं. कधीच नाही. एकदा टक, आणि परत किल्ली."

मला पहिल्यांदा जे आठवलं ते भलतंच होतं. केतकी वसतिगृहात गेल्यावर ह्यांनी त्या चोकला कपड्याचा चिमटा लावला होता. लाकडी, दोरीवरचा. चोक ओढायचा, मागे चिमटा अडकवायचा, झालं काम. किती सोपी युक्ती काढली म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं होतं. चिमटे आमच्या घरी तेव्हाही होते. दोन डझन होते.

अभिनंदन उतरून गॅरेजच्या दाराजवळ जाऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "तुला कळलं होतं."

"नक्की नव्हतं कळलं, काकू." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "ह्या यंत्राला आठवण किती घट्ट आहे ते कळतंय. ती कसली आहे ते कळत नाही. माया असली तरी नाडी पळते, भीती असली तरी पळते. ते दोन्हीला ओळखच म्हणतंय. आम्ही तेच गाडीत घालतो." मग त्यानं व्यवहाराचं सांगितलं. "एवढा आवाज काढून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे. बाकी सगळं जुळतंय, शंभरात चौऱ्याण्णव. दोन सह्या झाल्या की आजच कागद जाईल. गाडी तुमची."

केतकी खाली उतरली. पट्टे सोडून तिनं ते व्यवस्थित घडी करून टेबलावर ठेवले. पेन घेतलं.

"मी सही करते, आई. आवाज ठेव नाहीतर काढ, तुझी गाडी आहे. मला फक्त एक सांग." आता ती माझ्याकडे बघत होती. "तू ऐकायचीस?"

मी म्हणू शकले असते, की मला गाडीचाच वाटायचा. मनगटाला पट्टा नसता तर म्हणालेही असते, आणि पुढची काही वर्षं स्वतःही ते मानलं असतं. पन्नास वर्षं मानलंच होतं. मी किती जणांवर संशय घेतला या महिन्याभरात: मगदूमवर, यंत्रावर, पोटच्या पोरीवर. एकाच माणसावर घ्यायचा राहिला होता. समोरच्या पडद्यावर माझी रेष अजून होती. शांत चालत आलेली, आणि मग एकदम उभी चढलेली. सैल पत्र्यासाठी कुणाची नाडी अशी चढत नाही.

"ऐकायचे," मी म्हटलं. "आणि कळायचंही."

"मग काय करायचीस?"

"तुझ्या आजीच्या पायावरची शाल सारखी करायचे."

शाल खरंच घसरलेली नसे, हे सांगण्यात अर्थ नव्हता. तिला ते कळलं असणार.

अर्जावर सहीच्या वर एक छापील वाक्य होतं: 'या वाहनाचा मूळ स्वभाव जतन व्हावा अशी माझी इच्छा आहे.' त्यापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. होयमध्ये मी पंधरा दिवसांपूर्वीच खूण केली होती. मी पट्टे सोडून खाली उतरले, केतकीच्या हातातलं पेन घेतलं, ती खूण खोडली आणि दुसऱ्या चौकोनात केली. बाजूला सही केली.

"काकू, परत विचार करा की," अभिनंदन म्हणाला. "आवाज काढल्यावर त्यातलं काहीच मागं राहत नाही."

"तेच नको आहे."

"मग आवाजासकट ठेवू. तो पण स्वभावच आहे गाडीचा."

"गाडीचा नव्हता, बाबा. ती आत्ताच म्हणाली ना."

केतकीनं अर्ज उचलून वाचला. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "माझ्यासाठी मोडत असशील तर मोडू नकोस," ती म्हणाली. "मला त्यानं काही मिळणार नाही."

"तुझ्यासाठी नाही. मी शनिवारी ती पुसत होते ना, ते आता मला जमणार नाही."

एकोणतीस तारखेला ट्रक आला आणि गाडी गेली. अभिनंदननं आतले सगळे नवे भाग काढून घेतले, माझ्याकडून मजुरीही घेतली नाही. माझ्या अंगातून काढलेली ती चार बैठकांची नोंद ठेवू का पुसू, असं त्यानं फोन करून विचारलं. पूस म्हटलं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी गॅरेजातून आम्ही रिक्षानं घरी आलो. केतकीच्या रेल्वेला अजून पाच तास होते. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. लहानपणी काही सांगायचं असलं की ती तिथेच उभी राहत असे, आणि मी पोळ्या करते आहे असं बघून निघून जात असे. मी गॅस बंद केला.

"आई," ती म्हणाली, "अजून एक आहे. ते गाडीतलं नाही."

मी पाट ओढून खाली बसले आणि तिला समोर बसायला सांगितलं. तिनं जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. सांगायला तिला पाऊण तास लागला. दोनदा माझा हात पदराकडे गेला, मांडीवरची चुणी सारखी करायला. दोन्ही वेळा मी तो मागे घेतला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

संध्याकाळचं तिकीट तिनं रद्द केलं नाही. पण निघताना, मी काही विचारलं नसताना, मेमध्ये येते म्हणाली.